काजळी म्हणून पुसलेलं चित्र

"अगं आई, केवढी काजळी बसलेली त्याच्यावर! तीन वेळा पाणी बदललं, तरी निघतच होती. आत्यांनी जन्मात कधी पुसलेलं नसणार."

प्राजक्ता वहिनी तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर तिच्या आईशी बोलत होती. मी बाहेरच्या खोलीत तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होते. तुला जाऊन अकरा दिवस झाले होते. तेरावा ठाण्याला मोठ्या काकांकडे करायचा ठरला होता, कारण कोपरच्या तुझ्या दोन खोल्यांत पन्नास माणसं मावली नसती. काकांनी सकाळीच सुनेला सांगितलं होतं, "आजोबांचं चित्र जरा स्वच्छ करून गाडीत घाल. आता ते आमच्याकडेच राहील." म्हणून तिने फ्रेमचे खिळे काढले, काच घासली, आणि मग ओलं फडकं घेऊन चित्र पुसलं.

मी उठून मोरीत गेले. निळ्या बादलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी होतं. बादलीच्या काठावर फडकं वाळत घातलेलं, काळंकुट्ट. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. आत्या, गेले अनेक दिवस सगळे माझ्याबद्दल म्हणतायत, "ऋचाला फार लागलंय गं, बोलतच नाही." लागलंय, खरं आहे. पण त्या क्षणी मला दुःख झालं नव्हतं. किळस आली होती. ती अजून गेलेली नाही, आणि तुझ्याशी खोटं बोलून काय करू?

चित्र फळीवर उताणं पडलं होतं. ठाण्याच्या स्टेशनबाहेरचा रस्ता, शंभरेक वर्षांपूर्वीचा. वरच्या बाजूला कौलारू दुकानं होती, आभाळ होतं, शिडीवर चढून रॉकेलचा दिवा लावणारा माणूस होता. त्या सगळ्याचा आता एक राखाडी चिखल झाला होता, आणि कागद ओलाव्याने फुगला होता. खालचा भाग तेवढा वाचला होता. टांग्याची चाकं, घोड्याचे पाय, टांग्याखाली झोपलेला माणूस, आणि पाठमोरी चालत जाणारी ती बाई. वहिनीला बहुधा तेव्हाच फोन आला असावा.

"छान निघालं ना?" फोन ठेवून ती बाहेर आली. "हे खालचं राहिलंय थोडं. तू पुसतेस?"

मी मान हलवली. नाही, एवढंच. चारकोल, म्हणजे चित्राचा कोळसा, असा पुसत नाहीत, तो कागदावर नुसता टेकलेला असतो, फुंकर मारली तरी हलतो, यातलं काहीही मी बोलले नाही. वहिनी वाईट नाही. तिने तुझी भांडी घासली, तुझ्या फ्रिजमधली सडलेली कोथिंबीर हाताने काढली. तिला खरोखरच ती काजळी वाटली. या घरात आल्यापासून गेली सात वर्षं ती या चित्राचं कौतुक ऐकतेय, आणि ते कशाने काढलंय हे तिला एकानेही सांगितलेलं नाही. काकांनाही ते ठाऊक असेल असं मला वाटत नाही. त्यांना ठाऊक आहे ते एवढंच, की त्यांच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, काढलंय.

आणि ते तर खोटंच आहे. हे फक्त तुला आणि मला माहीत होतं. आता फक्त मला.

मी सातवीत होते. खंडेनवमीला आई मला तुझ्याकडे सोडून गेली होती. तू पाटावर तुझी हत्यारं मांडली होतीस, कटर, कंपास, ब्रश, पेन्सिलींना टोक करायची ती वाकडी सुरी. सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची एकेक पाकळी. भिंतीवरची फ्रेमही खाली आली होती. दरवर्षी याच दिवशी यायची. "आजोबांच्या चित्राची पूजा," असं तू सगळ्यांना सांगायचीस, आणि सगळ्यांना ते पटायचं. मी गॅलरीतून आत आले तर तू जमिनीवर बसून होतीस, फ्रेम उघडी, आणि तुझ्या हातात कोळशाची काडी. घोड्याच्या मानेवर तू काळं भरत होतीस.

मी किंचाळले नाही, कारण मी कधीच किंचाळत नाही. पण मला वाटलं, तू चोर आहेस.

"दार लाव," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "दर वर्षी थोडं थोडं झडतं. काचेच्या तळाशी भुकटी पडते, बघ. झडलं तेवढं मी भरते."

"पण मग ते पणजोबांचं कसं राहील?"

"नाहीच राहिलेलं," तू म्हणालीस, आणि लादीपावाचा मऊ गर चिमटीत मळून त्याने कोळसा टिपून घेत घोड्याच्या डोळ्यातला उजेड उचललास. पावाच्या कडा तू चहात बुडवून खाल्ल्यास. मला अर्धा पाव दिलास.

मी तेव्हा चिडले होते. आमच्या शाळेत कॉपी केली तर पालकांना बोलावत. मला ते सगळं फसवणुकीसारखं वाटलं, आणि पुढची दोन वर्षं मी तुझ्याशी त्याच मुद्द्यावर भांडले. म्हणजे मला जेवढं भांडता येतं तेवढं. तू हसायचीस. "इंग्रजी शाळेत घातलं आणि भांडायचं राहून गेलं बघ हिचं," असं आईला म्हणायचीस. पण मी का बोलत नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. सबंध नात्यागोत्यात तू एकटीच अशी होतीस. तुझ्याकडे तासन् तास गप्प बसता यायचं. तू एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेच्या मुलांचे कागद तपासायचीस, मी सोसायटीतल्या जास्वंदीच्या वाळक्या काड्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरायचे. डबा गॅसवर ठेवायचा. झाकणाच्या भोकातून धूर यायचा थांबला की कोळसा झाला. हे मला येतं याचा मला अजूनही माझ्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे. आणि एक वाक्य तू हजार वेळा म्हणाली असशील. "रेघ काढू नकोस गं. काळं कुठे संपतं, ते बघ."

मी दहावी झाले त्या वर्षी तू मला बाकीचं सांगितलंस.

तू वीस वर्षांची होतीस. चित्राची काच तडकली होती, म्हणून तुझ्या वडिलांनी तुला नवी आणून बसवायला सांगितलं. म्हणजे माझ्या आजोबांनी. काच काढताना तुझी बाही चित्रावरून फिरली आणि अर्धा रस्ता तुझ्या ब्लाउजवर आला. घरात सगळे दुपारचे झोपलेले. तू चुलीतला कोळसा घेतलास आणि आठवेल तसं सगळं पुन्हा काढून वर नवी काच बसवलीस. त्याच आठवड्यात तू मुंबईच्या कलाशाळेचा फॉर्म आणला होतास. वडील उठले, नव्या काचेतलं चित्र हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि तुला म्हणाले, "हा बघ. याला म्हणतात हात. हा असला, तर शिकण्यात अर्थ आहे. तुला हे जन्मात जमायचं नाही, शैला."

फॉर्म रद्दीत गेला. तू चित्रकला शिक्षिकेचा कोर्स केलास आणि पस्तीस वर्षं मुलांकडून पाण्याची बरणी आणि दोन वांगी काढून घेतलीस.

मला तेव्हाही किळस आली होती. पण तू जे पुढे बोललीस त्याने जास्त. "मला इतका आनंद झाला होता गं," तू म्हणालीस, "बाबांना माझ्यात आणि आजोबांच्यात फरक कळला नाही म्हणून. त्या आनंदात मी गप्प बसले. आणि मग सांगायची वेळ निघून गेली."

आत्या, यासाठी मी तुला अजून माफ केलेलं नाही. तू गेलीस म्हणून तुझं सगळं गोड करून लिहिणं मला जमणार नाही. तू अख्खा जन्म गप्प बसलीस आणि तुझ्या भावाला गुर्मीत राहू दिलंस. दर दिवाळीला मोठे काका तुझ्याच घरात, तुझ्याच खुर्चीवर बसून, तुझ्याच चित्राकडे बोट दाखवून म्हणायचे, "आजोबांबरोबर कला गेली ती गेलीच, आमच्यात नाही उतरली." आणि तू त्यांना आणखी एक चकली वाढायचीस. मला त्या चकलीचीही किळस यायची.

तरी तू पूर्ण गप्प नव्हतीस, हे मी मानते. एका पावसाळ्यात ओल येऊन उजवा खालचा कोपरा गेला. तिथे टांग्याखाली कुत्रा होता. तुला कुत्रा नीट आठवेना, म्हणून तू झोपलेला माणूस काढलास. कोणाच्याही लक्षात आलं नाही. मग तुझी भीड चेपली. पणजोबांच्या रस्त्यावर सगळे पुरुषच होते. पुढच्या खंडेनवमीला तू एक बाई आणलीस, नऊवारीतली, पाठमोरी, काखेत एक मोठी सपाट फळी घेऊन स्टेशनकडे निघालेली.

"तेव्हा बायका असा ड्रॉइंग बोर्ड घेऊन जायच्या?" मी विचारलं होतं.

"नव्हत्या जात," तू म्हणालीस. "म्हणून तर तिला घाई आहे."

मोठ्या काकांना ती तीन वर्षांनी दिसली. म्हणजे ती तिथे कायमचीच होती आणि आपल्याला आजच नीट दिसली, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून ते पाहुण्यांना सांगायला लागले की ती त्यांची आजी, काखेत पाटी, आणि आजोबा बघा त्या काळात किती पुढारलेले! तू स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसलीस. मीही हसले. तेव्हा ते विनोदी वाटत होतं.

आपलं शेवटचं भांडण फिक्सेटिव्हचं. मी ऑनलाइन डबा मागवला, दोनदा फवारलं की कोळसा कागदाला धरून बसतो. तू तो न उघडता कपाटात ठेवलास. "फिक्स केलं की पुढच्या वर्षी काय करू?" तू म्हणालीस. मी म्हणाले, मग निदान मागे तुझं नाव लिही. तू म्हणालीस, नको. मी म्हणाले, तू भित्री आहेस. हे मी बोलले, जी मी रिक्षावाल्याला गाडी थांबवा असं सांगायच्या आधी दोन वेळा मनात म्हणून बघते. तू एवढंच म्हणालीस, "दादाला सांगू नकोस हं. त्याच्याकडे आजोबांचं दुसरं काही नाही." आणि माझ्याकडून तसं कबूल करून घेतलंस.

या वर्षी खंडेनवमीच्या आधी तुझा फोन आला. "ये. यंदा कोळसा तुझ्या हातात देते. माझा हात कापतो आता." मी म्हणाले, ऑफिसचं काम आहे. काम नव्हतं. मला वाटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी. खरं म्हणजे मला वाटलं, मी हात लावला तर मीही या खोट्यात आले. माझी नीतिमत्ता जपायला मी माझ्या घरून, ठाण्यातल्या कोपरीहून, कोपरला आले नाही. अर्ध्या तासाचा रस्ता. कपाट आवरताना तो डबा सापडला, सीलबंद. तो हातात घेऊन मी तुझ्यावर खूप चिडले. तू ऐकलं असतंस तर त्या फडक्याने काहीही झालं नसतं. मग माझ्या लक्षात आलं की तू ऐकलं असतंस तर ती बाईही आली नसती. चिडायला काही उरलं नाही, तरी चिडलेलीच राहिले.

तेराव्याला ठाण्याला काकांच्या तेराव्या मजल्यावरच्या घरात चित्र सोफ्याच्या वर लागलं होतं. खाली पितळी पाटी, पणजोबांचं नाव कोरलेली. वरून एक दिवा. तुझा फोटो खाली स्टुलावर होता, पासपोर्टवरून मोठा केलेला, थोडा अस्पष्ट झालेला.

"वरचा भाग जरा फेंट झालाय ना?" काकांचा मुलगा निखिलदादा चित्राकडे बघत म्हणाला.

"जुनं आहे रे, होणारच," काका म्हणाले.

"पण व्हिंटेज लुक आला उलट. भारी दिसतंय."

वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. तिला कळलं होतं की काहीतरी चुकलंय. काय, ते कळलं नव्हतं. मला तिची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

जेवणं झाली. बासुंदी होती. नको म्हणायला तोंड उघडेना, म्हणून मी दोनदा घेतली. आपल्याच घशाखाली ती जाताना मी बघत होते, आणि खोलीतल्या सगळ्यांत जास्त किळस मला माझीच येत होती. तुझ्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी काकांना म्हटलं, "शैलाताईंची काही चित्रं असतील ना? बघायला आवडलं असतं."

काका हसले. प्रेमाने हसले, हे लिहिलं पाहिजे. तुझ्या आठवणीने त्यांचे डोळे सकाळपासून दोनदा भरले होते.

"अहो, शैला बिचारी हौशी. शाळेपुरतं काढायची, मुलांसाठी. तिचं असं एक चित्र घरात नाही." मग ते उठले आणि चित्रापाशी जाऊन उभे राहिले. "खरा हात हा. हे बघा, ही माझी आजी. एवढ्या घाईत चाललीय, पण चेहरा न दाखवता सगळं दाखवलंय. आजोबांनंतर हा हात आमच्या घरात कोणाला आला नाही. शैलाला फार वाटायचं आपल्याला यावं. पण वाटून येतं का?"

त्या बाई "हो, हो" म्हणाल्या. बाबा त्यांच्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिले. आईने मला खुणेनेच पाण्याचा जग आण असं सांगितलं. मी जग घेतला. पाच-सहा पावलं चालले असेन.

तुला शब्द दिला होता. चालताना मी तोच विचार करत होते, दुसरा नाही. दादाकडे आजोबांचं दुसरं काही नाही, असं तू म्हणाली होतीस. आणि मी बघत होते की त्या सोफ्यावरच्या दिव्याखाली तुझंही दुसरं काही नाही. वरचा अर्धा भाग बादलीतून मोरीत गेला होता. उरलेल्याखाली पणजोबांच्या नावाची पितळी पाटी ठोकली होती. मी गप्प राहिले असते तर तू कधी काही काढलंच नव्हतंस, हे कायमचं खरं झालं असतं. आणि ते माझ्यामुळे खरं झालं असतं, वहिनीच्या फडक्याने नाही.

मी जग टेबलावर ठेवला. माझा आवाज कसा आला ते मला माहीत नाही. आई नंतर म्हणाली की बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मोठे काका," मी म्हणाले, "तुम्ही आजोबांचं म्हणून बघता ते चित्र आत्याचं आहे. ती वीस वर्षांची असल्यापासून तिचं आहे. ही बाई तुमची आजी नाही. ती कोणाचीच कोणी नाही, ती आत्याने काढली आहे. टांग्याखालचा माणूस आत्याने काढलाय. पुसलं गेलं तेही तिचंच होतं, आणि ती काजळी नव्हती. तिने मला कोणाला सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी सांगतेय."